दवातली पकड

त्याचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. पाचला प्रेस तापलेलं हवं. प्लास्टिकचे दाणे वितळून साच्यात जात आणि पंचेचाळीस सेकंदांनी एक तबकडी बाहेर पडे. गरम असतानाच कडेचं फाजील प्लास्टिक पात्यानं खरवडायचं, अंगठा दाबून पकड बघायची. पाळीला सहाशे. बावीस वर्षं. चांगला दहावी पास असूनही कारखान्यात सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत.

या तबकड्या एका खेळाच्या: लांबून फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत पाडायच्या. टोपलीजवळची शेवटची फेक पुटर नावाच्या तबकडीनं करतात. तो पुटरच बनवायचा. उडताना मात्र एकही पाहिला नव्हता. सुट्टीला झोप काढायची की तबकड्या बघायच्या?

लेक मात्र खेळायची. निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं पिशवीत कडक पुटर भरला.

"मऊ घे," तो म्हणाला.

"मऊ हाताला चिकटतो, बाबा. वेळेवर सुटत नाही."

"उन्हात, घामानं. उद्या गारठा आहे, दव पडणार."

"हे बघा, दोन्ही सारखेच धरले जातायत."

"उबेला बसून धरतेस म्हणून. प्रेसमधून निघालेला प्रत्येकच हातात छान बसतो."

"स्वतः एकदाही फेकला नाहीत, आणि मला शिकवताय."

त्यानं मऊ पुटर गुपचूप पिशवीच्या तळाशी सरकवला आणि नोकरीत पहिल्यांदाच पाळी बदलून घेतली.

सकाळी मैदानातलं गवत ओलंचिंब होतं. लेकीची बोटं गारठलेली. कडक पुटर दोनदा हातातून निसटून भलतीकडेच गेला. शेवटच्या टोपलीपाशी ती आणि दुसरी एक मुलगी बरोबरीत आल्या. दुसरीची फेक हुकली. आता हिची आत गेली तर संघात जागा. टॉवेल काढायला तिनं पिशवीत हात घातला तर मऊ पुटर हाताला लागला. तिनं बापाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

तिनं पुटर पुसला, कड दाबली. प्लास्टिक बोटांखाली किंचित दबलं आणि हातात बसलं.

मग पुटर उडाला. जराही आवाज नाही. फिरत्या कडेवरून दवाचे थेंब सुटत होते. मध्येच हवेनं त्याला तळहातावर घेतल्यासारखं झालं. बापानं बुटांवरची नजर केव्हाच उचलली होती. वजन, कड, चिकटपणा, सगळं तो रोज बघत आला होता. त्या सगळ्याच्या पोटात हे आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

साखळ्या खणखणल्या.

"पाहिलंत ना? की डोळे मिटले होते?"

"उघडे होते," तो म्हणाला.

त्या महिन्यात त्यानं सहा जादा पाळ्या केल्या. त्या पगारातून साखळ्यांची एक टोपली आली आणि घरामागे रोवली गेली. कामावरून आला की बूट न काढताच तो फेकायला उभा राहतो.

"मनगट, बाबा, मनगट," लेक पायरीवरून सांगते.