कण्हेरीचे पान

वानरे येऊ नयेत म्हणून आमच्या टेकडीवरच्या वसाहतीने कुंपणालगतचा उंबर तोडून तिथे कण्हेर लावली. आज सकाळी वानरे आलीच. एका मादीने कण्हेरीचे पान हुंगून टाकून दिले; पोटाशी बिलगलेल्या पिलाने हात पुढे करताच तो तिने खसकन मागे ओढला.

झाडांचाही कायदा असतो. कण्हेर पानोपानी विष भरून सक्त मनाई करते. उंबर जून पान तुरट राखतो, पण कोवळी पाने आणि फळे खुली ठेवतो. वानरांनी हा कायदा पिढ्यान्पिढ्या पाळला. मोडला तो आम्ही, तोही त्यांचे म्हणणे न ऐकता!

मादी मग गच्चीवरच्या पापडांकडे वळली. वसाहतीचे अध्यक्ष काठी घेऊन धावले. "बघितलंत ना काका? चोर आहेत नुसते!"

"चोर? अहो, तिच्यापुढचं ताट उचलून तुम्ही विष वाढलंत. ते तिनं खाल्लं नाही, हाच गुन्हा ना?"

"तुम्ही पण ना, काका! रविवारी टाकीजवळचा उंबरही पाडतोय."

रविवारी त्या उंबराच्या बुंध्याशी मी खुर्ची टाकून बसणार आहे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या बाजूने कोणीतरी हजर असलेच पाहिजे.