व्याह्यांच्या स्कीवरचं प्लास्टिक

नव्या वस्तूवर आमच्या व्याह्यांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर त्यालाही कुणीतरी पिशवीत घालून ठेवलेलं असेल. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील, नागपूरचे. मुलांकडे म्हणून आम्ही दोघंही आयर्लंडात मेनूथला येऊन राहिलेलो, आणि एका घरात व्याही-विहीण म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, चष्म्याच्या काचेवर दुकानाचा स्टिकर, सूटकेसला कव्हर आणि ते कव्हर मळू नये म्हणून त्यावर दुसरं कव्हर! माझ्या नव्या गादीचं प्लास्टिक मी काढायला घेतलं, तर हे दारात उभे राहून कळवळले, "विहीणबाई, काहून काढून राहिल्या? खराब होईल ना!"

तर या गृहस्थांनी हिवाळ्याच्या तोंडाशी टीव्हीवर म्हाताऱ्या बायका स्की करताना पाहिल्या. डोंगरावरून घसरायचं नाही हो, सपाटीवर लांब फळ्या पायाला बांधून, दोन काठ्या मारत चालायचं. "हे तर चालणंच आहे ना बाप्पा!" म्हणाले, आणि आठवड्याभरात फळ्या, काठ्या, बूट सगळं घरी हजर. आता इथे पाऊस म्हणाल तेवढा, पण बर्फ? हिवाळाभर त्या फळ्या जिन्याखाली प्लास्टिकमध्ये उभ्या, आणि हे खिडकीत उभे. मी म्हणायची, "अहो, होडी म्हणून तरी वापरा!" ते हसायचे. एकदा मात्र हसले नाहीत. एप्रिलमध्ये नागपूरला जाऊन दोन्ही गुडघे बदलायचे होते, आणि नंतर असली थेरं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "यंदा नाही जमलं तर राहिलंच मग," एवढंच म्हणाले. त्यानंतर मीही सकाळी उठून गुपचूप खिडकीतून बघायला लागले.

मार्च संपता संपता विकलोच्या डोंगरांवर बर्फ पडला. मुलानं आम्हाला आणि नातीला गाडीत घातलं. पोचलो तर जेमतेम दोन बोटं बर्फ, वर लख्ख ऊन, आणि किंचित चढाचं कुरण. व्याह्यांनी माकडटोपी घातली, "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं आणि पाऊल पुढे टाकलं. एक पाऊल पुढे, दोन हात मागे! कितीही काठ्या मारल्या तरी सासरी निघालेल्या नवरीसारखे मागे मागे, आमच्याकडेच येत राहिलेले. फाटकाशी कुत्रा घेऊन उभा असलेला शेतकरी गंभीरपणे म्हणाला, "युअर मॅन इज गोइंग द राँग वे." (इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गडी' हो, नवरा नव्हे!)

नातीनं वाकून पाहिलं आणि किंचाळली, "आजोबा, द प्लास्टिक इज स्टिल ऑन!"

बर्फ धरून ठेवायला फळीच्या तळाला माशासारखे खवले असतात. त्यावरच प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि बूट अडकवायच्या जागी ब्लेडनं सुबक चौकोन कापलेला.

"काढा ते," मी म्हटलं.

"अन् ओरखडे पडले तर? बर्फाखाली गोटे आहेत!"

"कुणासाठी जपताय? एप्रिलमध्ये नवे गुडघे येतायत, ते ठेवा पिशवीत!"

बोलले आणि माझीच जीभ चावली. पण त्यांनी पाय पुढे केला आणि मान वळवली. "तुम्हीच काढा, विहीणबाई. मला नाही पाहवणार."

मी बर्फात फतकल मारली आणि टराटरा फाडलं.

मग ते गेले हो! फळीखाली दगड करकरले, तरी त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. पार पलीकडच्या दगडी कुंपणापर्यंत गेले, वळले, पुन्हा निघाले. ऊन तापलं तसं कुरणात हिरवे पट्टे दिसायला लागले, आणि व्याही या पांढऱ्या पट्ट्यावरून त्या पांढऱ्या पट्ट्यावर, बर्फ उरलाय तिथून वाट काढत चाललेले.

"आई, बोलाव आता त्यांना, गवत लागलं," मुलगा म्हणाला.

"राहू दे रे," मी म्हटलं. "अजून आहे थोडं."