बाकावरचा दांडा

आमच्या एसटी स्टँडवर नव्या स्थानकाचा एक बाक नमुना म्हणून आणून ठेवलाय. बस, रिक्षा, मेट्रो एका छताखाली येणार, माणसं जोडली जाणार, असं फलकावर लिहिलंय. बाक गुळगुळीत आहे, पण दर दोन माणसांच्या मधे लोखंडी दांडा.

"हा कशाला?" बाकाची माहिती द्यायला तिथं नेमलेल्या मॅडमना मी विचारलं.

"हात टेकायला, काका."

"का कुणी आडवं होऊ नये म्हणून?"

त्या हसल्या. "दोन्ही समजा."

असलं गोड बोलणं मला पटत नाही. ज्यानं हा बाक आखला, त्याच्या घरचं आजारी माणूस कधी स्टँडवर ताटकळलं नसणार. माझी बायको शेवटी शेवटी दवाखान्याची बस येईपर्यंत जुन्या सिमेंटच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. अनोळखी लोक सरकून जागा द्यायचे. तिला बसवतच नव्हतं.

"एका तरी बाकाचे दांडे काढा."

"बघू, काका."

बघू म्हणणारे मी दवाखान्यात पुष्कळ पाहिलेत. मला एकट्याला आता दोन दांड्यांमधली जागा पुरते. तिथंच बसून राहिलो, त्यांचे साहेब येईपर्यंत.