फाटकाबाहेरची डोलखुर्ची

एदेल्मिरो कोन्सुएग्रा हा आमच्या चिरूट कारखान्याचा वाचक. आम्ही पाऊणशे माणसं ओळीनं बसून तंबाखूची पानं वळतो, आणि तो समोरच्या उंच चौथऱ्यावर खुर्ची टाकून आम्हाला वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. हात पानात, कान त्याच्यात. वाचकाला कारखाना नेमत नाही, आम्ही वळणारे निवडतो. वाचन आवडलं की पानं कापायची चंद्रकोरीसारखी पाती आम्ही टेबलावर आपटतो. नाही आवडलं तर हातातून खाली फरशीवर सोडून देतो. पहिला आवाज ऐकण्यासाठी वाचक जगतो. दुसरा ऐकला की त्याला जेवण जात नाही.

एदेल्मिरोचा आवाज पिकल्या पेरूसारखा, जड आणि गोड. पण माणूस जन्मतःच मागे पडलेला. त्याची आई सांगायची, हा जन्माला येईपर्यंत सुईण तीनदा कॉफी पिऊन आली. स्वतःच्या लग्नाला निघाला तो वाटेत एका घोड्याला नाल ठोकताना बघत उभा राहिला. नवरी नीएवेस पायात एकच बूट घालून त्याला शोधायला आली. ती सांगते, "त्या दिवशीच मला कळलं, आयुष्यभर आपणच याला घरी आणायचंय."

वाचतानाही तसंच. वाक्याच्या मध्येच त्याची नजर खिडकीबाहेरच्या आंब्यावर जायची आणि तिथेच राहायची. आम्ही पानं वळत थांबून राहायचो. कादंबरीतला नायक जिन्याच्या मधल्या पायरीवर एक पाय उचलून ताटकळायचा. एकदा तर त्याला तसाच सोडून आम्ही जेवायला गेलो.

पूर्वी हे चालून जायचं. मग सगळ्यांच्या फोनवर इंटरनेट आलं आणि तरण्या पोरी कानात वायरी घालून वळायला लागल्या. एके दिवशी सोराइदा उभी राहिली. सोराइदा म्हणजे आमच्या दालनाची प्रतिनिधी. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतल्या कोंबड्या अंडं अर्धवट ठेवून उठतात. ती म्हणाली की महिनाअखेरच्या शुक्रवारी आपण मत घेऊ, वाचक ठेवायचा की भिंतीवर रेडिओ लावायचा. रेडिओवर बेसबॉलची मॅच लागते आणि मॅचला निदान शेवट तरी असतो. हे शेवटचं वाक्य तिनं एदेल्मिरोकडे बघून म्हटलं. तो आंब्याकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झालेले मी चौथ्या ओळीतून पाहिले. चौथरा गेला तर हा माणूस करणार काय? त्याला वाचण्याशिवाय काही येत नाही. पान वळायला बसवलं होतं एकदा, तर त्याचा चिरूट केळ्यासारखा निघाला.

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राच्या जागी मुलीचा जुना फोन घेऊन चौथऱ्यावर चढला.

आमच्या बेटावर 'पोर्तालोन' नावाची एक वेबसाइट आहे. पोर्तालोन म्हणजे मोठी पडवी, आणि ती आहेही तशीच. कुणीही यावं, प्रश्न टाकावा, आणि सगळ्या बेटानं त्यावर भांडावं. प्रश्न कायम वर टांगलेला असतो. त्याच्याखाली सगळ्यात नवी प्रतिक्रिया आधी आणि जुन्या खाली खाली बुडत जातात. एदेल्मिरोनं त्या सकाळी वाचलेला प्रश्न गार्देनिया असं नाव घेतलेल्या, बेटाच्या पार पूर्वेकडच्या कुण्या बाईचा होता. ती लिहिते: माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला बर्फ आणायला म्हणून गेला. आज परत आलाय. बर्फ आणलेला नाही. एक डोलखुर्ची आणलीय. ती फाटकाबाहेर ठेवून तिच्यात बसून डोलतोय. फाटक उघडू का?

दालनात पानं वळायची थांबली. एका पोरीनं कानातली वायर काढली. मग दुसरीनं काढली.

एदेल्मिरोनं प्रतिक्रिया वाचायला घेतल्या, अर्थातच त्या दिवशीच्या वरच्या, ताज्या. सांता क्लारातली कुणी म्हणत होती, फाटकाला दुसरं कुलूप लाव. ओल्गिनचा कुणी विचारत होता की खुर्ची कुठल्या लाकडाची आहे. देवदाराची असेल तर माणूस गंभीर आहे. तासभर वाचन झालं आणि पाती अशी वाजली की व्यवस्थापक काय कोसळलं ते बघायला धावत आला.

तिथून आमचं दालन त्या फाटकाबाहेर राहायला गेलं. मी खोटं सांगत नाही, आमचे हात त्या खुर्चीच्या लयीत पानं वळायला लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. ओलसर तंबाखूचा वास, झाकलेल्या खिडक्यांतून येणारा पिवळा उजेड, वरून एदेल्मिरोचा पेरूसारखा आवाज, आणि कुठेतरी पूर्वेला धुळीच्या रस्त्यावर एक माणूस डोलतोय. मी घरी राजम्याचा कॉंग्री भात खाताना डोलायचो. बायको म्हणाली, पोटात कळ येते का?

पण रोज सकाळी चौथऱ्यावर पाय ठेवताच त्याला तीच आरोळी ऐकू यायची, "काय नवीन?" आणि नवीन सांगायचं तर नवीन गोळा करायला हवं. कारखान्याच्या जाड भिंतींत नेट येत नाही. ते येतं चौकातल्या बागेत, तेही एका ठराविक बाकावर. कारखाना सुटला की एदेल्मिरो त्या बाकावर जाऊन बसायचा. पन्नास प्रतिक्रिया वाचून मान वर करेपर्यंत शंभर नव्या आलेल्या असायच्या. जो माणूस आयुष्यभर स्वतःच्या मागे चालायचा, तो आता अख्ख्या बेटाच्या पुढे धावू बघत होता. त्याचे डोळे कोळंबीसारखे झाले. रस्त्यात माणसं 'काय एदेल्मिरो' म्हणायची तर हा त्यांना उत्तर द्यायचा, "हो, पण कुलपाचा खर्च कोण करणार?" नीएवेस संध्याकाळी कॉफीचा थर्मास घेऊन बागेत यायची आणि त्याच्या शेजारी बसून वाट बघायची. एकदा म्हणाली, "माझीही एक नवीन प्रतिक्रिया आहे. रविवारपासून वर टांगून ठेवलीय. वेळ मिळाला की वाच."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. घाण आम्ही केली.

आमचं कामाहुआनी गाव दोन मोहल्ल्यांत वाटलेलं आहे. इकडचे बोकड, तिकडचे बेडूक. मार्चमधल्या मिरवणुकीत कुणाचा रथ उंच आणि कुणाचे फटाके मोठे, यावरून इथे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. मी बोकड आहे. बाप बोकड, आजा बोकड. सोराइदा बेडूक, आणि तिच्याकडे पाहिलं की ते सांगावं लागत नाही. तर सोराइदा एके दिवशी म्हणाली, फाटक उघडू नये. तिनं असं म्हटल्यावर आम्हा बोकडांना 'उघडावं' म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. त्या क्षणापर्यंत माझं व्यक्तिगत मत असं होतं की त्या माणसाला खुर्चीसकट समुद्रात ढकलावं. पण मोहल्ला म्हणजे मोहल्ला.

दोन्ही बाजूंनी एदेल्मिरोला प्रतिक्रिया सांगितल्या आणि त्या बिचाऱ्यानं आम्ही सांगितलं तसं शब्दशः पोर्तालोनवर टाकलं. एकीकडे 'बेडकांचं ठाम मत, फाटक बंद राहावं.' दुसरीकडे 'बोकड म्हणतात, उघडा. आणि बेडकांचं ऐकू नका, गेल्या वर्षी त्यांचा रथ पुलाखाली अडकला होता.'

पडवीवरच्या लोकांनी आधी विचारलं, कुठले बेडूक? मग आमच्या गावातून परदेशी गेलेल्या कुणीतरी ते वाचलं. मग त्याच्या भावानं. आठवड्याभरात मायामी, माद्रिद, कुठकुठले बोकड आणि बेडूक त्या बाईच्या फाटकावर गोळा झाले. प्रतिक्रिया मिनिटाला डझनानं यायला लागल्या, आणि सगळ्या पुलाबद्दल. पुलाची उंची, रथाची उंची, रथ कुणी बनवला आणि त्याची आई कोण. एदेल्मिरो इमानानं सगळं वाचत होता. चार दिवस आम्हाला मजा वाटली. पाचव्या दिवशी मागच्या ओळीतल्या फेलिसिता मावशी म्हणाल्या, "अहो, पण तो माणूस? त्याला कुणी पाणी तरी दिलं का?"

तेव्हा कुठे आम्हाला आठवलं, की एक बाई होती.

सोराइदा उठली. म्हणाली, "बघा, हे असं. प्रश्न वाचला, उत्तर नाही. कादंबरीत नाही, यातही नाही. गड्या एदेल्मिरो, मी वैरी नाही तुझी. पण परवा मत आहे. फाटक उघडलं की नाही ते तोवर सांग. नाही सांगता आलं तर मी रेडिओला मत देणार, आणि माझ्याबरोबर सगळे बेडूक."

माझ्या मनाचा हिशेब सांगतो. बेडूक निम्म्याहून चार-दोन जास्तच भरतात. मी जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं आणि कानात म्हटलं, "बाबा, तुला काय अवघड आहे? काहीतरी सांग. फाटक उघडलं, रडली, कॉफी दिली. कोण जातंय पूर्वेला बघायला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या थाळीत थुंकलो. म्हणाला, "लिहिलेलं नसेल ते मी वाचत नाही, लिनो." आणि परत आंब्याकडे बघायला लागला.

गुरुवारी तो कारखाना सुटल्यावर बाकावर गेला. नीएवेस थर्मास घेऊन आली होती आणि मीही गेलो, कारण अपराध्यासारखं वाटत होतं. एदेल्मिरोनं फोन उघडला. नव्या प्रतिक्रिया वरून धो धो कोसळत होत्या. तो थोडा वेळ बघत राहिला, आणि मग त्यानं अशी गोष्ट केली जी इतके दिवस आमच्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. त्यानं नव्यांकडे पाठ फिरवली. बोटानं पान सरकवत तो खाली निघाला, जुन्याकडे.

हे मात्र त्याच्या स्वभावातलं काम होतं. घाई नाही, कुणाच्या पुढे जायचं नाही. तो हळू आवाजात वाचत होता आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी ऐकत होतो. उलटं वाचलं की भांडण कसं दिसतं ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. आधी शिव्या आल्या, मग शिव्यांचं कारण आलं, मग कारणाच्या आधीचा सलोखा. पूल ओसरला. बोकड एकेक करून गोठ्यात परतले, बेडूक तळ्यात उतरले, शेवटी आमच्याच दोन प्रतिक्रिया दिसल्या, लाज वाटावी अशा. त्यांच्या खाली कुलूपवाले, देवदारवाले. त्याच्याही खाली माणसं आणखी मऊ होत गेली. कुणी विचारत होतं, तुझा वाढदिवस आजच आहे का गं? कुणी नुसतंच लिहिलं होतं, मी जागी आहे, वाटलं तर लिही. बागेत लॉरेलच्या झाडांवर पक्षी उतरले होते. वाऱ्याला भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास होता. मला वाटलं, असंच उलटं चालत राहिलो तर आपण तो माणूस बर्फ आणायला निघायच्या आधीच्या दुपारपर्यंतसुद्धा पोचू.

एदेल्मिरो थांबला. त्याचं बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, झालं, गेला आंब्यात. पण नीएवेसनं वाकून फोनमध्ये बघितलं आणि थर्मासचं झाकण हातातच धरून राहिली.

शुक्रवारी दालनात कुणीही कानात वायर घातली नव्हती. भिंतीवर रेडिओसाठी खिळा ठोकून तयार होता. एदेल्मिरो चौथऱ्यावर चढला, चष्मा पुसला, आणि सांगितलं की गार्देनियानं दुसऱ्यांदा लिहिलं होतं. प्रश्न टाकला त्याच संध्याकाळी, आपण वाचायला लागायच्या आधीच. इतक्या तळाशी की नंतर आलेल्यांपैकी कुणी तिथवर गेलंच नाही. आपण सगळे ताज्यामागे धावत होतो आणि ती कधीच बोलून गेली होती.

मग त्यानं वाचलं.

"इथे भुरभुर सुरू झालीय." तो थांबला. खिडकीबाहेर बघितलं. एकही पातं हललं नाही. इतकी वर्षं ज्या थांबण्याला आम्ही शिव्या घातल्या, ते थांबणं त्या दिवशी दालनभर पसरलं आणि आम्हाला त्यात पाऊस ऐकू आला. "खुर्ची भिजतेय. लाकूड चांगलं आहे. मी खुर्ची आत घेतेय."

त्यानं फोन मांडीवर ठेवला.

सोराइदा उठली आणि म्हणाली, "आणि तो?"

"तेवढंच आहे."

"तो खुर्चीत बसलेला होता ना? मग खुर्ची आत घेतली म्हणजे तो उठला की नाही? एकटीनं उचलली का? डोलखुर्ची जड असते. कुणीतरी दुसरी बाजू धरलीच असणार."

"लिहिलेलं नाही, सोराइदा."

"अरे, तू वाचक आहेस ना? तुला काय वाटतं ते सांग."

"मला काय वाटतं ते वाचायला तुम्ही मला निवडलेलं नाही," एदेल्मिरो म्हणाला. हे वाक्य आपल्याला किती महागात पडणार आहे ते त्याला कळत होतं. "तिनं सांगितलं तेवढं मी सांगितलं. आता मत घ्या."

सोराइदा उभी होती. तिच्या हातात पातं होतं आणि सगळे बेडूक त्या हाताकडे बघत होते. हात टेबलाच्या कडेबाहेर गेला. फेलिसिता मावशींनी डोळे मिटून घेतले.

"बाईनं फक्त खुर्ची घेतली," सोराइदा सावकाश म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखं. "माणूस बाहेर, खुर्ची आत. शहाणी आहे."

माझ्यातला बोकड गप्प बसेना. "दुसरी बाजू त्यानंच धरली, आत्ता तूच म्हणालीस," मी ओरडलो.

"मी विचारलं, म्हटलं नाही."

"आणि भुरभुरत्या पावसात बाई एकटी डोलखुर्ची उचलते?"

"तुझी बायको तुला उचलते रोज, लिनो."

सगळं दालन उठलं. देवदाराचं वजन किती, फाटक किती रुंद, खुर्ची आडवी करून न्यावी लागते की उभी. बेडकांतली एक पोरगी चक्क बोकडांच्या बाजूनं बोलली. हे आमच्या गावात लग्नानंतरसुद्धा घडत नाही. त्या गोंधळात सोराइदानं भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं.

"रेडिओला असं काही विचारता येत नाही," ती कुरकुरली आणि पातं टेबलावर आपटलं.

मग आम्ही सगळ्यांनीच आपटलं. एदेल्मिरो चौथऱ्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि तोंड आंब्याकडे होतं. आम्हाला त्याच्या डोळ्यांत बघायची गरज पडली नाही.

खिळ्यावर हल्ली सोराइदा आपली छत्री टांगते. पूलवाल्यांचं भांडण पडवीवर अजून चालू आहे, तिकडे कुणी जात नाही. कादंबरीतला तो नायक जिन्यावरून उतरला म्हणतात, मी त्या दिवशी रजेवर होतो. आणि परवा भुरभुर पाऊस आला तेव्हा वाचन चालू असताना सोराइदानं वळणं थांबवलं. कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणजे तिसऱ्या गल्लीपर्यंतच पोचेल अशा आवाजात, तिनं चौथऱ्याकडे बघून विचारलं, "का रे, काही नवीन?"

एदेल्मिरोनं मान हलवली. नाही.

"असू दे," ती म्हणाली. "तू वाच. हळू वाच."