मृणालची नजरचूक

नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमच्या प्रोग्रॅममधला ठोकळा दाखवलात. त्याची एक बाजू काळी पडत होती. "आजी, तुला नाही कळायचं," म्हणालात. मला कळलं होतं. म्हणून आज लिहिते आहे.

मी नोकरीला होते त्या शिरूरजवळच्या कारखान्यात, पडद्यावर असंच एक पंपाचं झाकण काळं पडलं. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मी डावखुरी.

"बाई, उजवा हात कुठला, ते तुमच्या वस्तीत शिकवत नाहीत का?"

सगळे हसले. मशीनवरचे मामा म्हणाले, "व्हय सायेब, बाई डावऱ्याच हायेत." पुन्हा हसले.

मी इंग्रजीतून गणित शिकलेली. दौंडहून एसटीने यायची. मृणाल पुण्याहून साहेबांच्या गाडीतून यायची; त्यांच्या मित्राची मुलगी. ती मॅडम, मी बाई. नवा कॉम्प्युटर तिच्या टेबलावर. तिच्या हात असलेल्या खुर्चीचासुद्धा मला हेवा वाटे.

काम असं. वस्तूचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा करायचा. त्रिकोणाच्या दोन कडांचा क्रॉस प्रॉडक्ट काढला की दोन्हींना काटकोनात एक बाण मिळतो. तो बाहेर रोखलेला हवा. कडांचा क्रम उलटला की बाण आत वळतो आणि कॉम्प्युटर आतली बाजू बाहेरची समजतो; पडद्यावर ती बाजू काळी दिसते. म्हणून क्रम आधी कागदावर ठरवायचा. उजव्या हाताची बोटं पहिल्या कडेकडून दुसरीकडे वळवायची. अंगठा दाखवील तिकडे बाण.

त्या झाकणाचा कागद मृणालचा होता. हशा चालू असताना ती तो पुन्हा तपासत होती. उजव्या हातात पेन. ते खाली न ठेवता ती मोकळा डावा हात वळवत होती.

मी म्हणाले, "साहेब, कागद मॅडमचा आहे. त्या आत्ताही डाव्या हाताने बघताहेत."

हसणं थांबलं. मृणालने हात टेबलाखाली घेतला. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"असू दे, नजरचूक होते. बाई, तुम्ही दुरुस्त करून टाका."

नजरचूक. गाडी, खुर्ची, कॉम्प्युटर, सगळं विसरले. मला तिच्या चुकीचा हेवा वाटला. तिची चूक तिच्या एकटीची होती. तीच माझी समजली गेली तेव्हा अख्ख्या वस्तीची होती.

"मी करणार नाही," मी म्हणाले. "चूक माझी वाटली तेव्हा तुम्ही माझी वस्ती काढलीत. आता ज्यांची आहे त्यांनी दुरुस्त करावी."

साहेबांनी मला काढलं नाही. नवा कॉम्प्युटरही कधी दिला नाही. आणि माझं नाव नसलेल्या कामाला मी पुन्हा हात लावला नाही.

तुम्ही चुकाल. खुशाल चुका. पण तुमच्या चुकीवरून कोणी तुमच्या माणसांवर गेलं, तर काम तिथंच थांबवा आणि त्याला तोंडावर सांगा.

मृणालचा हेवा मला अजून वाटतो.