नूनवरचा नुक्ता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली तेव्हा वाटलं, आता सांगण्यासारखं कुणी उरलं नाही, सुटलो. पण सुटलो कुठे? तुम्हाला सांगतोय – आणि आधीच सांगून ठेवतो, गावात मी भला माणूस म्हणून ओळखला जातो.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा मी परभणीच्या तहसिलीत कारकून होतो. माझं शिक्षण सगळं उर्दूत. पेडगावच्या शाळेत हमीदमास्तरांनी छडी हातात घेऊन एकेक नुक्ता – अक्षराचा तो एवढासा ठिपका – गिरवून घेतलेला. कचेरीचा कारभार मराठीत आला आणि मी नवं रजिस्टर उजवीकडून लिहायच्या उर्दूच्या सवयीनं मागच्या बाजूनं उघडलं. सात पानं लिहून झाल्यावर ध्यानात आलं. पुण्याकडून आलेले आमचे दामलेसाहेब पोट धरून हसले. नुसते हसले असते तर – पण त्यांनी माझं नावच ‘उलटे’ ठेवलं. मग शिपाईही तेच म्हणू लागला. एकदा सासरे भेटायला आले, त्यांना शिपायानं दारातच विचारलं, उलट्यांकडे आलात का? सासरे चहासुद्धा न घेता परत गेले. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाला असं दुखवायचं की जन्मभर आठवेल. दोन वर्षं वाट पाहिली. राग काय दोन दिवसांचा असतो?

दामल्यांना नाद होता निजामाच्या जुन्या टपालतिकिटांचा. साध्या नव्हे, छपाईत चुकलेल्या. प्लेटवर एखादा दोष असला की त्या जागेच्या प्रत्येक तिकिटावर तो उमटतो, आणि असं तिकीट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांच्याकडे एक अर्ध्या आण्याचं तिकीट आलं. त्यातल्या उर्दू ‘आना’ शब्दात नूनवरचा – म्हणजे उर्दू ‘न’वरचा – नुक्ताच नव्हता. मुंबईच्या प्रदर्शनासाठी त्यांनी त्या एका तिकिटाला अल्बमचं अख्खं पान ठेवलं होतं. शंका एकच – नुक्ता प्लेटवरच नव्हता, की कुणी पात्यानं खरवडला? उर्दू त्यांना येत नव्हतं. विचारणार कुणाला? मलाच.

मला उत्तर माहीत होतं. दफ्तरखान्यातल्या एका लिफाफ्यावर मी तसंच तिकीट पाहिलं होतं. नुक्ता नाही, आणि चौकटीला तीच बारीक चीर. दोन तिकिटांवर एकच चूक, म्हणजे चूक प्लेटची. दामल्यांचं तिकीट अस्सल होतं. तो लिफाफा मी घरी नेला आणि बंबात घातला. रागाच्या भरात नव्हे हं. सकाळी, आंघोळीचं पाणी तापवताना, शांतपणे.

आणि ते तिकीट त्यांना कुणी दिलं – हे सांगायचं मी टाळत होतो. हेही मला माहीत होतं. हमीदमास्तरांनी दिलं होतं, आपल्या जुन्या कागदांतून काढून, भेट म्हणून. देणाऱ्यालाच खरंखोटं कसं विचारणार, म्हणून दामल्यांनी मला विचारलं. बाजाराच्या दिवशी मास्तर कचेरीत डोकावायचे आणि दामले उठून त्यांना खुर्ची द्यायचे. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या सालांत म्हाताऱ्या मुसलमान मास्तराला खुर्ची देणारा आमच्या कचेरीत तो एकच माणूस होता. मला मात्र नेम धरायचा होता तो दामल्यांवर. मध्ये कोण उभं आहे, ते मी पाहिलं, आणि तरी नेम हलवला नाही.

त्या दिवशी मास्तर समोरच बसले होते. मी भिंग लावलं, तिकीट उजेडाकडे तिरकं धरलं आणि म्हणालो, कागद इथं पातळ झालाय, पातं चालवलंय कुणीतरी. दामल्यांचा चेहरा पडला. काय सांगू, मला किती बरं वाटलं! मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं.

“तू बघ बाबा. नुक्ते तुला मीच शिकविलेत. घासलेला हाय का त्यो?”

पुन्हा विचारलं होतं. मागे फिरायला वाट होती. मी पुन्हा बघण्याचं सोंग केलं.

“घासलेला हाय, मास्तर.”

“तू म्हणायलास तर आसंल,” ते म्हणाले. “माझीच नजर गेली म्हणायची.”

दामल्यांनी तिकिटाचे चार तुकडे केले. मास्तर उठले तेव्हा दामले खुर्चीतून हलले नाहीत. मास्तर मग कचेरीत कधी आले नाहीत. दामल्यांनी अल्बम घरी नेला, पुन्हा तो कुणाला दिसला नाही, आणि बदली होईपर्यंत मला उलटे म्हणाले नाहीत. मी जिंकलो होतो. त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पेडगावात जुने उर्दू कागद – इनामाचे, वाटणीचे – मास्तरच लोकांना वाचून द्यायचे. ते त्यांनी बंद केलं. महिन्याभरात गावची माणसं कागद घेऊन माझ्या दारात यायला लागली. पहिला आला तो म्हणाला, “मास्तरनी धाडलंय. म्हणले, माझं काय खरं न्हाई आता, त्या पोराची नजर पक्की हाय.”

मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि वाचून दाखवला.