सिस्टरचे हात

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी यजमानांनी घरून दत्ताचं तीर्थ आणलं आणि मी तोंड फिरवलं. आतड्याचा कॅन्सर काढताना डॉक्टरांनी माझ्या पोटावर शौचाची पिशवी बसवली होती, तीही कायमची. चाळीस वर्षं बरकतपुऱ्यातल्या घरी सोवळ्यात नैवेद्य करणारी, बायकांच्या भजनात पुढे बसणारी मी. आता अंगावर घाण वागवत देवासमोर जायचं तरी कोणत्या तोंडाने? मी जेवण टाकलं, बोलणं टाकलं. मनात एकच घोष होता, दत्तात्रेया, ने मला.

पिशवी बदलायला रेहाना नावाची सिस्टर यायची. त्या दिवशी मी तिला म्हणाले, "हाथ मत लगाओ बेटा, मैं गंदी हो गई."

हातमोजे चढवता चढवता ती थांबली. "अम्मा, जीने का दिल नई होरा क्या?"

इतकं थेट मला घरच्यांनीही विचारलं नव्हतं. मी हुंदके देत मान डोलावली. ती पलंगाच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "मैं रोज येइच हाथां से सबकू साफ करतूं. फिर हाथ धोके नमाज पढ़तूं. अल्ला आज तक मेरेकू हट नई बोला. तुमारे भगवान कैसा बोलते?"

तिने माझी अवस्था डॉक्टरांच्या कानावर घातली. मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या, औषध सुरू झालं. पण रोज सकाळी माझी वेणी घालायची ती रेहानाच. एके दिवशी म्हणाली, "आज खाली देखो." दुसऱ्या दिवशी, "आज हाथ लगाओ." चौथ्या दिवशी मी स्वतः पिशवी बदलली, तेव्हा तिने "शाब्बास अम्मा!" म्हणत अशा टाळ्या पिटल्या की अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. त्या संध्याकाळी मी यजमानांकडून तीर्थ मागून घेतलं.

यंदा दत्तजयंतीला मी पुन्हा भजनाला बसले. अभंग रंगात आला असताना पिशवीतून चांगला मोठा आवाज झाला. दोघीतिघींचे सूर अडखळले. पूर्वीची मी असते तर तिथेच जमिनीत गडप झाले असते. मी हसले, "थांबता काय गं, म्हणा!" आणि पट्टी चढवली. साऱ्याजणींनी ती अशी उचलून धरली की बाहेर रस्त्यावरचे लोक थबकले.

मी दत्ताकडे मरण मागत होते, त्याने माणूस धाडलं. तेव्हापासून मागणं सोडलंय. तो ऊठ म्हणाला की उठते, गा म्हणाला की गाते.